आरशाला भोक पाडताना

टेबलावर काचेची एक जाड चकती आहे. व्यास २०० मिलिमीटर, जाडी २५ मिलिमीटर. आकाराने जेवणाच्या ताटाहून लहान, पण उचलली की जवळजवळ दोन किलो भरते. पुढचे काही महिने ही चकती हाताने घासून, झिलई देऊन तिचा वरचा पृष्ठभाग खोलगट करायचा आहे. त्या खोलगटपणात मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकीही चूक चालणार नाही. आणि याच चकतीच्या बरोबर मध्यभागी ४५ मिलिमीटरचे आरपार भोक पाडायचे आहे.

घरी दुर्बीण बनवणारे बहुतेक हौशी या शेवटच्या वाक्यापाशी थांबतात. खरे तर काचेला भोक पाडणे हे काही अवघड काम नव्हे. गल्लीतला काचवाला ते रोज करतो, बाथरूमच्या टाइल्सना भोके पाडणारा कारागीर कोअर कटर लावून पाच मिनिटांत मोकळा होतो. अवघड आहे ते भोक पाडूनही बाकीच्या काचेला त्याचा पत्ता लागू न देणे. त्याचे उत्तर ड्रिल मशीनमध्ये नाही. ते आहे भोक कधी पाडायचे, या प्रश्नात.

मुळात आरशाला भोक कशासाठी? आरशाच्या दुर्बिणीचा सर्वांना माहीत असलेला प्रकार न्यूटनचा. नळीच्या तळाशी अंतर्वक्र आरसा असतो, तो ताऱ्याचा प्रकाश गोळा करून वर पाठवतो. वरच्या तोंडाजवळ तिरका बसवलेला छोटा सपाट आरसा तो प्रकाश नळीच्या बाजूला वळवतो आणि तिथे डोळा लावायचा. रचना सोपी, पण नळीची लांबी आरशाच्या नाभीय अंतराएवढी ठेवावी लागते. ग्रहांचे तपशील पाहण्यासाठी तीन मीटर नाभीय अंतर हवे असेल, तर तीन मीटर लांब नळी, तिला पेलणारे अवजड बूड आणि डोळा लावायला शिडी, असा सगळा संसार उभा करावा लागतो. फ्लॅटच्या गच्चीवर तो न्यायचा कसा, हा आणखी वेगळा प्रश्न.

कॅसेग्रेन पद्धतीत वरचा छोटा आरसा सपाट नसतो, फुगीर म्हणजे बहिर्वक्र असतो. तो प्रकाश बाजूला न वळवता आला त्याच दिशेने परत तळाकडे पाठवतो, आणि पाठवताना किरणांचा शंकू निमुळता, लांबट करतो. परतलेला प्रकाश मुख्य आरशाच्या भोकातून मागे बाहेर पडतो. डोळा नळीच्या मागच्या टोकाला लागतो, भिंगांच्या दुर्बिणीला लागतो तसा.

वर सांगितलेल्या चकतीचेच गणित मांडून पाहू. मुख्य आरशाचे नाभीय अंतर ८०० मिलिमीटर धरले आणि दुय्यम आरशाने ते चौपट करायचे ठरवले, तर एकूण नाभीय अंतर ३२०० मिलिमीटर होते. प्रतिमा आरशाच्या मागे २०० मिलिमीटरवर हवी असेल, तर दुय्यम आरसा मुख्य आरशाच्या पुढे ६०० मिलिमीटरवर येतो. म्हणजे सव्वातीन मीटरची दुर्बीण एका मीटरच्या आत मावते आणि स्कूटरवर मागच्या माणसाच्या मांडीवर ठेवून नेता येते.

याच गणितात भोकाबद्दलची एक भीतीही मिटते. आरशातून एवढी काच काढून टाकली तर तेवढा प्रकाश वाया जाणार नाही का? नाही जाणार. दुय्यम आरसा किमान ५० मिलिमीटरचा लागतो. केवळ मध्यबिंदूच नव्हे, आजूबाजूचे थोडे आकाशही नीट दिसावे म्हणून तो ५६ मिलिमीटरचा घेतला, तर त्याची तेवढीच सावली मुख्य आरशाच्या मध्यभागी पडते. तिथे ताऱ्याचा प्रकाश पोहोचतच नाही. नुकसान व्हायचे ते सावलीने होते, क्षेत्रफळाच्या हिशेबात सुमारे आठ टक्के. ४५ मिलिमीटरचे भोक त्या सावलीच्या पोटात बसते आणि त्याच्या कडेपासून सावलीच्या कडेपर्यंत चहूबाजूंनी साडेपाच मिलिमीटरची पट्टी उरते. ही पट्टी पुढे फार उपयोगी पडणार आहे. गंमत म्हणजे परतणाऱ्या प्रकाशाचा शंकू भोकापाशी जेमतेम साडेबारा मिलिमीटर जाडीचा असतो. बाकीचे भोक लागते ते त्यात एक नळी बसवण्यासाठी. ती नसेल तर आकाशातला उजेड दुय्यम आरशाला वळसा घालून थेट भोकातून डोळ्यात येतो आणि चंद्र, गुरू सगळे फिके, धुरकट दिसतात.

ही कल्पना साडेतीनशे वर्षांची आहे. स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने १६६३ मध्ये भोकवाल्या आरशाची रचना पुस्तकात मांडली. त्याचा दुय्यम आरसा मात्र अंतर्वक्र होता. ती रचना करून घेण्यासाठी तो लंडनच्या कारागिरांकडे गेला, पण हवा तो आकार त्यांना साधला नाही. बहिर्वक्र दुय्यम आरशाची रचना १६७२ मध्ये फ्रान्समधून पुढे आली. ती लोराँ कॅसेग्रेन नावाच्या शिक्षक-धर्मगुरूची. न्यूटनने तिच्यावर टीका केली. कॅसेग्रेनने त्यावर वाद घातल्याचे दिसत नाही. हा माणूस नेमका कोण, याबद्दल इतिहासकारांमध्ये इतका गोंधळ होता की त्याची ओळख नक्की व्हायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. जगातल्या बहुतेक मोठ्या दुर्बिणी आज ज्याच्या रचनेवर चालतात, त्याची ही कथा.

त्या काळी आरसे काचेचे नव्हते. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे, ओतीव असत. त्यामुळे भोक ओततानाच ठेवता येई. अठराव्या शतकात जेम्स शॉर्ट या स्कॉटिश कारागिराने असे आरसे असलेल्या हजाराहून जास्त दुर्बिणी बनवल्या आणि विकल्या. काचेवर चांदीचा मुलामा देण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आली, आणि भोकाचा प्रश्न तेव्हापासून खऱ्या अर्थाने सुरू झाला. कारण काच धातूसारखी वागत नाही.

वितळलेली काच थंड होताना आधी बाहेरून घट्ट होते, मग आतून. आतला भाग आकसू पाहतो, बाहेरचा त्याला आकसू देत नाही, आणि ही ओढाताण काचेत कायमची अडकून राहते. म्हणून चांगली काच भट्टीत फार सावकाश थंड करतात. तरीही थोडा ताण उरतोच. अखंड चकतीत हे सारे ताण एकमेकांना तोलून धरतात. मधला तुकडा काढला की तो तोल बिघडतो आणि चकती नव्या तोलात बसताना किंचित वाकते. डोळ्यांना किंवा बोटांना ते कळणे शक्य नाही. पण इथे हिशेब मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाचा आहे.

काचेतला हा ताण घरबसल्या पाहता येतो. लॅपटॉपच्या पडद्यावर पांढरे पान उघडून समोर चकती धरायची आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहायचे. गॉगल हळूहळू फिरवला की एका स्थितीत पडदा काळा दिसतो. काचेत ताण असेल तर त्या काळोखात चकतीचे काही भाग उजळ दिसतात. अगदी मंद, सगळीकडे सारखी उजळी असेल तर चालते. एका बाजूला ठळक, वेडेवाकडे पट्टे दिसले तर ती चकती भोकाच्या कामाची नाही, तिची न्यूटनची दुर्बीण करावी. आणि ‘टफन्ड’ काच, म्हणजे टेबलाच्या वरच्या किंवा गाडीच्या खिडकीच्या काचेला हात लावू नये. त्यात ताण मुद्दाम भरलेला असतो, भोक पडायला लागताच तिचा चुरा होतो.

आता कधी, या प्रश्नाकडे. सगळे घासून, आकार पूर्ण झाल्यावर शेवटी भोक पाडणारे एक घराणे आहे. त्यांचे म्हणणे, अखंड काच घासायला सोपी. खरे आहे. पण तीन-चार महिन्यांची मेहनत ड्रिल मशीनखाली ठेवायची, ताण सुटून आकार बिघडणार नाही अशी आशा करायची आणि हात घसरला तर सगळेच संपले. दुसऱ्या घराण्यातले लोक भोक आधीच आरपार पाडून मोकळे होतात. ताण सुरुवातीलाच सुटतो, पण घासताना वेगळेच दुखणे येते. झिलईसाठी जी पिचची लादी वापरतात, ती डांबरासारखी असते. हाताला कडक लागते, पण दाबाखाली अगदी सावकाश वाहते. ती भोकाच्या जागी फुगून वर येते आणि भोकाच्या कडेची काच जास्त खाते. परिणामी आतली कड उतरती होते, बशीचा काठ बाहेर वळावा तशी. आधी पाडलेल्या भोकात निघालेला तुकडाच पुन्हा बसवून, फटीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरून घासणे हा त्यावरचा जुना इलाज.

तिसरा मार्ग या दोन्हींच्या मधला आहे आणि घरी काम करणाऱ्यासाठी तोच सर्वांत शहाणपणाचा. घासायला सुरुवात करण्याआधी मागच्या बाजूने भोक पाडायला घ्यायचे, पण आरपार जायचे नाही. समोरच्या बाजूला तीनेक मिलिमीटर काच शिल्लक ठेवायची. बहुतेक ताण इथेच सुटून जातो. चकती पुढून अखंड राहते, त्यामुळे घासणे, झिलई, आकार देणे हे सगळे नेहमीसारखे होते. शेवटी उरलेली तेवढी पातळ काच कापायची.

इथे एक साधी वजाबाकी अनेकांना फसवते. चकती २५ मिलिमीटर जाड, तीन ठेवायचे, म्हणून २२ कापले, असा हिशेब केला तर आरसा गेलाच. कारण समोरची बाजू अजून सपाट आहे आणि ती घासून खोलगट होणार आहे. ८०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या या आरशाची खोली मध्यभागी ३.१ मिलिमीटर भरते. म्हणजे तयार आरशाची मधली जाडी २२ पेक्षाही किंचित कमी उरेल. त्यात तीन मिलिमीटर राखायचे तर मागून १९ च्या आतच थांबायला हवे. २२ पर्यंत गेलेल्याची खाच जाड भुकटीने घासता घासताच समोर उघडी पडते.

कापण्याचे हत्यार म्हणजे पितळेच्या किंवा लोखंडाच्या नळीचा तुकडा. लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडाव्यात, तसे हे काम. फरक इतकाच की नळी स्वतः काच कापत नाही. कापते ती नळीच्या काठाखाली लोळणारी कार्बोरंडमची भुकटी. नळीच्या काठाला तीन-चार खाचा करतात, म्हणजे भुकटी आणि पाणी आत शिरते. चकतीखाली प्लायवूड आणि रबर, वर मातीचे किंवा मुलांच्या खेळातल्या क्लेचे आळे करायचे, झाडाला करतो तसे, त्यात पाणी आणि ८० नंबरची भुकटी घालायची. ड्रिल मशीन सगळ्यात हळू पट्ट्यावर लावायचे. नळी टेकवायची, दोन-चार सेकंदांनी उचलायची, पुन्हा टेकवायची. उचलली नाही तर खाली भुकटी जात नाही आणि काच एका जागी तापते. तापलेली काच तडकते. खरखर आवाज येत असेल तर काम चालू आहे, आवाज गुळगुळीत झाला तर भुकटी झिजली, नवी घाला. घाई न करता एक संध्याकाळ जाते. हिऱ्याचे दात असलेले कोअर कटर हेच काम लवकर करते, पण त्याला पाण्याची अखंड धार लागते, आणि त्याचा वेगच काही वेळा नडतो, कारण थांबायची खूण ओलांडून गेल्याचे कळत नाही.

या कामात राखाडी रंगाचा काचेचा चिखल तयार होतो. तो ओला असताना निरुपद्रवी, पण वाळला की त्याची धूळ उडते आणि ती फुप्फुसाला चांगली नाही. म्हणून टेबल, फरशी, कपडे ओल्या फडक्याने लगेच पुसावेत, झाडू मारू नये. चिखल बेसिनमध्ये ओतू नये, नळ तुंबतो आणि प्लंबरला काय सांगणार? डोळ्यांवर चष्मा हवाच.

मग ती खाच धुवायची. दात घासायच्या ब्रशने, साबणाने, पुन्हा पुन्हा. खाचेत अडकलेला ८० नंबरचा एक कण तीन महिन्यांनी, झिलईच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर पडला तर आरशावर ओरखडा उठतो, आणि तो काढायला मागे बारीक घासणीपर्यंत जावे लागते. धुऊन वाळल्यावर खाचेत प्लास्टर भरायचे आणि पाणी लागू नये म्हणून वर वार्निशचा हात द्यायचा.

पुढचे काम कुठल्याही आरशाचे असते तसेच. दुसरी एक चकती किंवा टाइल्सचे तुकडे बसवलेली प्लास्टरची थाळी खाली, आरसा वर, मध्ये भुकटी आणि पाणी. मागे-पुढे घासायचे, थोडे फिरवायचे, आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे. वरची काच मध्यभागी झिजते, खालची कडेला, आणि कुठलाही हट्ट न धरता घासत राहिले की दोन्ही पृष्ठभाग आपोआप गोलाचा आकार घेतात. ८० नंतर १२०, २२०, ४०० असे उतरत जायचे. मग पिचची लादी आणि सिरियम ऑक्साइडचे गुलाबीसर पाणी. काच पारदर्शक, चकचकीत झाली की गोलापासून पॅराबोलापर्यंतचा शेवटचा प्रवास. या आरशासाठी तो फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ तोच खातो.

इतके सूक्ष्म मोजायचे कसे? लेऑन फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास दिलेली युक्ती आजही घराघरांत चालते. आरसा उभा करायचा, समोर १६०० मिलिमीटरवर बारीक छिद्रातून येणारा दिवा ठेवायचा आणि परतलेला प्रकाश जिथे एकवटतो तिथे दाढीचे पाते हळूच आडवे सरकवायचे. आरशावर सावल्या उमटतात आणि पृष्ठभागावरचे चढउतार चंद्रावरच्या डोंगरदऱ्यांसारखे दिसू लागतात. आरशावर अंगठा दहा सेकंद टेकवून मग पाहिले तर तिथे चक्क एक टेकडी दिसते. बोटाच्या उबेने काच तेवढी फुगलेली असते. काही मिनिटांत ती विरते. हा प्रयोग प्रत्येकाने करावा, म्हणजे घासून झाल्याबरोबर चाचणी घ्यायची घाई पुन्हा होत नाही. साध्या काचेच्या मानाने बोरोसिलिकेट काच उष्णतेने एक तृतीयांशच प्रसरण पावते. परवडत असेल तर तीच घ्यावी ती यासाठी.

चाचणी एकाच पद्धतीने घेऊन तिच्यावर विसंबू नये, हेही इथेच सांगायला हवे. हबल अवकाश दुर्बिणीचा २.४ मीटरचा भोकवाला आरसा अत्यंत गुळगुळीत घासला गेला, पण चुकीच्या आकारात. चाचणीच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. आरशाची कड २.२ मायक्रॉनने जास्त सपाट झाली. दुसऱ्या साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती, पण मुख्य उपकरण अधिक अचूक मानले गेल्याने तिकडे लक्ष दिले गेले नाही. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर ते उघड झाले आणि दुरुस्तीला डिसेंबर १९९३ उजाडला.

मोठ्या आरशांनाही भोकाच्या प्रश्नातून सुटका नव्हती. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीने तो टाळला. तिचा आरसा अखंड आहे, परतणारा प्रकाश तिसऱ्या सपाट आरशाने बाजूला काढावा लागतो. हाच मार्ग घरीही घेता येतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पण पालोमारच्या २०० इंची, म्हणजे पाच मीटरच्या दुर्बिणीला मध्यभागी ४० इंचांचे भोक ठेवायचे ठरले. पायरेक्स काचेची ती चकती न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग इथे २५ मार्च १९३४ रोजी पहिल्यांदा ओतली गेली, तेव्हा साच्यातले काही ठोकळे उष्णतेने सुटून वितळलेल्या काचेवर तरंगत वर आले. ठोकळे धरून ठेवणारे बोल्ट वितळले होते. चकती बाद झाली. दुसरी २ डिसेंबर १९३४ रोजी ओतली आणि दहा महिने थंड होऊ दिली. १९३६ मध्ये ती रेल्वेने पासाडेनाला पोहोचली आणि तिथे घासकामाआधी त्या ४० इंची भोकात काचेचे बूच बसवण्यात आले, प्लास्टर भरून. मधल्या महायुद्धामुळे घासकाम १९४७ पर्यंत लांबले. घरच्या ४५ मिलिमीटरच्या भोकावर आणि एक मीटरच्या भोकावर इलाज एकच होता.

या दुर्बिणीची सुंदर छेदचित्रे काढणारा रसेल पोर्टर मुळात हौशी दुर्बीणकारांचा गुरू होता. व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड गावातल्या कामगारांना त्याने आरसे घासायला शिकवले, आणि १९२५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये अल्बर्ट इंगॉल्स यांनी त्याबद्दल लिहिल्यावर अमेरिकाभर तळघरांत आरसे घासले जाऊ लागले. कॅसेग्रेनमधला दुसरा काटा याच हौशी मंडळींनी बोथट केला. तो काटा म्हणजे दुय्यम आरसा. तो बहिर्वक्र, शिवाय हायपरबोला आकाराचा. फुगीर आरसा प्रकाश एकवटतच नाही, मग फूकोची चाचणी लावायची कशी? इंग्लंडचा होरेस डॉल आणि अमेरिकेचा ॲलन कर्कहॅम यांनी वेगवेगळे काम करून सुचवले की मुख्य आरशाला पॅराबोलाऐवजी थोडा अलीकडचा लंबवर्तुळी आकार द्यावा. मग दुय्यम आरसा साधा गोलीय ठेवला तरी चालतो. गोल घासणे सोपे आणि जुळत्या अंतर्वक्र काचेवर ठेवून रंगीत कड्यांनी तपासणे त्याहून सोपे. दृश्याच्या कडेला तारे थोडे शेपटीवाले दिसतात, पण ग्रह पाहणाऱ्याला त्याची फिकीर नसते.

भोकातून निघणारा तुकडाच दुय्यम आरशासाठी वापरावा, हा विचार प्रत्येकाच्या मनात येऊन जातो. हिशेब जमत नाही. ४५ च्या भोकातून जेमतेम ४० चा तुकडा निघतो आणि हवा असतो ५६ चा.

महाराष्ट्रात ही रचना पाहायची तर पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर गिरावलीला ‘आयुका’ची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. तीही कॅसेग्रेनच. तिच्या आरशाच्या भोकामागे डोळ्याऐवजी कॅमेरा आणि वर्णपटमापक बसतो. ‘आयुका’च्याच आरसे घासण्याच्या कार्यशाळांमधून अनेकांनी स्वतःच्या दुर्बिणी बनवल्या आहेत, त्या न्यूटनच्या. सुरुवात तशीच व्हायला हवी. पहिलाच आरसा भोकाचा करायला घेऊ नये. सहा इंचांचा एक साधा आरसा पूर्ण झाला, त्यातून शनीची कडी दिसली, की मग.

शेवटची तीन मिलिमीटर कापायचा दिवस येतो तेव्हा आरशावर वार्निशचे दोन-तीन हात देऊन त्याला झाकून टाकतात. समोरून एक जुनी काच मेणाने चिकटवतात, म्हणजे नळी आरपार जाताना तोंडाशी काचेचे टवके उडत नाहीत. मागचे प्लास्टर खरवडून काढायचे, तीच नळी त्याच खाचेत सोडायची आणि आता ८० ऐवजी १२० किंवा २२० ची भुकटी घ्यायची. हातावर भार न देता, नळीच्या वजनानेच कापू द्यायचे. एखादा टवका उडालाच तर घाबरायचे कारण नाही. भोकाभोवतीची ती साडेपाच मिलिमीटरची पट्टी यासाठीच आहे, दुय्यम आरशाच्या सावलीत एक-दोन मिलिमीटरचा टवका कुणाला दिसत नाही. तुकडा सुटला की आवाज एकदम बदलतो. तो हातात घेऊन पाहिला तर त्याचा एक चेहरा इतक्या महिन्यांच्या कामाने झिलई चढलेला असतो.

त्यानंतर वार्निश उतरवायचे, भोकाची कड दगडाने हलकेच मोडायची, आरसा धुऊन चाचणीच्या स्टँडवर ठेवायचा आणि खोलीचे दार लावून झोपायला जायचे. रात्रभर काच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. सकाळी दिवा लावून पाते सरकवायचे. मधल्या काळ्या वर्तुळाभोवतीची सावली भोकाआधी होती तशीच दिसली, तर आरसा कापसात गुंडाळून ॲल्युमिनियमचा मुलामा द्यायला पाठवता येतो. नाही दिसली, तर पिचची लादी पुन्हा कोमट पाण्यात घालायची.